डोंगरातली पंगत

गेल्या उन्हाळ्यात मी कॅलिफोर्नियात मुलीकडे होतो. जावयांनी चार दिवसांची रजा जुळवली होती आणि सिएरा नेव्हाडा पर्वतात पाठीवर बिऱ्हाड घेऊन हिंडायला जायचे, तंबूत राहायचे, असा बेत शिजत होता. सत्तरीच्या माणसाला बरोबर न्यावे की नाही, याबद्दल घरात दोन तट होते. मी स्वतः अर्थातच नेण्याच्या बाजूचा होतो. तारुण्यात सह्याद्रीत पुष्कळ हिंडलो आहे. गुडघे कुरकुरतात, पण अजून संपावर गेलेले नाहीत.

रोज रात्री जेवणे आटोपली की टेबलावर नकाशे पसरायचे आणि खल सुरू व्हायचा. आमच्या वेळी हरिश्चंद्रगडाला जायचे म्हणजे यष्टीचे वेळापत्रक, दोन पातेली आणि एक कंदील एवढी तयारी पुरे होई. येथे परवान्यापासून सुरुवात. उन्हाळ्यात एका वाटेने एका दिवशी किती माणसांनी रानात शिरावे याची संख्या ठरलेली, आणि ती जागा कित्येक महिने आधी राखून ठेवावी लागते. मग तो अस्वलांचा डबा. अस्वलाला उघडता येऊ नये असा हा जाड प्लॅस्टिकचा नळकांड्यासारखा डबा असतो. त्याचे झाकण नाणे घालून फिरवल्याशिवाय निघत नाही. खाण्याचे सारे जिन्नस त्यात मावले पाहिजेत. इतकेच नव्हे तर साबण आणि दात घासायची पेस्टसुद्धा त्यातच, कारण अस्वलाच्या नाकाला वास तो वास. रिकामा डबाच सव्वा किलोचा. आमची कन्या त्यात थालिपिठाची भाजणी, मेतकूट आणि गूळपापडी ठासून भरून पाहत होती. चिवड्याला मात्र जागा मिळेना. चिवडा वजनाला हलका, पण जागा फार खातो. त्यावरून माझे आणि तिचे थोडे वाजलेही.

योसेमिटीला जायचे की त्याच्या दक्षिणेच्या सिक्वोयाला, हे ठरत नव्हते. एके रात्री योसेमिटीच्या नकाशावर बोट फिरवता फिरवता नातू थांबला आणि म्हणाला, "आजोबा, इथं एक सिंग पीक आहे. हा सिंग म्हणजे सरदारजी का?" प्रश्न अगदीच अडाणीपणाचा नव्हता. पंजाबातले शीख शंभर वर्षांपूर्वीच कॅलिफोर्नियाच्या शेतांवर येऊन राहिले होते. माझाही पहिला तर्क तोच होता. पण शिखर होते एका चिनी स्वयंपाक्याच्या नावाचे. दहा हजार पाचशे बावन्न फूट उंचीचे शिखर, आणि नाव कोणाचे? सेनापतीचे नव्हे, गव्हर्नरचे नव्हे, तर टाय सिंग नावाच्या आचाऱ्याचे! इतिहासाच्या मास्तराला एवढे खाद्य पुरेसे होते. पुढचे आठ दिवस घरातली मंडळी पिशव्यांची वजने करीत होती आणि मी टाय सिंगच्या मागे लागलो होतो.

त्याच्या नावाचे शिखर योसेमिटीत असले, तरी त्याने गाजवलेली सफर सिक्वोयाची. ती निघाली 1915 च्या जुलैत. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांना एक स्वतंत्र खाते असावे म्हणून मुद्दाम आखलेली ही सफर होती, आणि पुढच्याच वर्षी ते खाते जन्माला आले. जेवणाच्या पंगतीतून राज्ये हलल्याच्या कथा आपण बखरींतून वाचतो. त्यांत अतिशयोक्तीच फार. येथे मात्र प्रकरण बरेचसे खरे आहे.

थोडी मागची हकीकत सांगितली पाहिजे. अमेरिकेने यलोस्टोनचे पहिले राष्ट्रीय उद्यान 1872 साली केले. सिक्वोया आणि योसेमिटी 1890 ची. 1915 पर्यंत अशी डझनभर उद्याने झाली होती, पण त्यांना धनी नव्हता. कायद्याने ती अंतर्गत व्यवहार खात्याच्या पदरात होती. प्रत्यक्षात कोठे घोडदळाची तुकडी पहारा करी, कोठे कोणी राजकीय वशिल्याचा अधीक्षक बसे. धनी नसलेल्या मालाचे काय होते, ते 1913 च्या डिसेंबरात दिसून आले. सॅन फ्रान्सिस्को शहराला पाणी हवे होते आणि त्यासाठी योसेमिटीच्याच हद्दीतली हेच हेची नावाची दरी बुडवून धरण बांधण्यास काँग्रेसने मान्यता दिली. तिच्यासाठी वर्षानुवर्षे भांडलेला जॉन म्यूर त्यानंतर वर्षभराने, 1914 च्या नाताळच्या आदल्या दिवशी वारला.

अशा वेळी स्टीव्हन मॅथर हा गृहस्थ वॉशिंग्टनला आला. सत्तेचाळीस वर्षांचा, देखणा, बोलका आणि सवागीच्या, म्हणजे बोरॅक्सच्या, धंद्यात लक्षाधीश झालेला. अमेरिकेत घरोघर 'वीस खेचरांचा बोरॅक्स' या नावाने जी पुडी खपे, त्या नावाचा गाजावाजा करण्यात त्याचा मोठा हात होता. म्हणजे खेचरांनी त्याला आधीच एकदा श्रीमंत केले होते. 1912 साली सिक्वोयाच्या रानात त्याची म्यूरशी गाठ पडली होती. फ्रँकलिन लेन या मंत्र्याने त्याला 1915 च्या जानेवारीत आपला साहाय्यक म्हणून घेतले आणि उद्याने त्याच्या हवाली केली. होरेस ऑल्ब्राइट नावाचा पंचवीस वर्षांचा एक तरुण वकील त्याच्या मदतीला दिला.

मॅथर मूळचा जाहिरातदार. काँग्रेसला अर्ज लिहून काही व्हायचे नाही, हे त्याने ओळखले. ज्यांच्या हाती लेखणी, पैसा किंवा मत आहे, त्यांना उचलून पंधरवडाभर डोंगरात नेऊन ठेवायचे, असा घाट त्याने घातला. निमंत्रितांची यादी पाहिली की त्याची धूर्तता कळते. 'नॅशनल जिऑग्राफिक' मासिकाचा संपादक गिल्बर्ट ग्रोव्हनर. न्यू यॉर्कच्या निसर्गेतिहास संग्रहालयाचा अध्यक्ष हेन्री फेअरफील्ड ऑसबॉर्न. लोकप्रिय कादंबरीकार एमर्सन हफ. चित्रे दाखवून प्रवासाची व्याख्याने देणारा बर्टन होम्स. सदर्न पॅसिफिक रेल्वेचा उपाध्यक्ष मॅकॉर्मिक. आणि खर्चाच्या समितीतला वजनदार सभासद फ्रेडरिक जिलेट. आपल्याकडच्या जुन्या मुत्सद्द्यांना ही यादी दाखवली असती तर त्यांनीही मान डोलावली असती. एक मासिक, एक विद्वान, एक कथाकार, एक कीर्तनकार, एक आगगाडी आणि एक तिजोरी! खर्च सारा मॅथरच्या खिशातून.

पण अशा माणसांना डोंगरात न्यायचे म्हणजे जोखीमच. पन्नाशीच्या आसपासची, गादीवर झोपणारी, घंटेबरोबर जेवणारी ही मंडळी. एक रात्र उपाशी काढावी लागली किंवा खडकावर पाठ मोडली, तर उद्यानांचे नाव घेतले तरी ती अंगावर येणार. मॅथरने प्रत्येकाला नवी कोरी झोपण्याची पिशवी आणि त्या काळी नवलाची असलेली हवा भरायची गादी दिली. मुख्य प्रश्न पोटाचा होता. त्याचे उत्तर रॉबर्ट मार्शल या भूमापकाजवळ होते. हा सरकारी भूमापन खात्याचा मुख्य भूगोलकार; सिएरातली कित्येक शिखरे त्याने स्वतः मोजलेली. त्याच्या खात्यात टाय सिंग नावाचा आचारी 1888 पासून डोंगरातल्या मोजणीच्या तुकड्यांबरोबर हिंडत होता. 1899 साली मार्शलनेच योसेमिटीच्या कडेच्या त्या शिखराला त्याचे नाव दिले होते. मोजणीदाराला पोटभर जेवू घालणाऱ्याचे मोल मोजणीदारालाच कळणार! तर मार्शलने टाय सिंगला या सफरीसाठी दिले, आणि युजीन नावाचा एक मदतनीस त्याच्या हाताखाली आला.

पुढे जी वर्णने आली, त्यांत झाडांच्या खालोखाल जागा टाय सिंगच्या स्वयंपाकाला मिळाली आहे. ऑल्ब्राइट तर सत्त्याण्णव वर्षे जगला. म्हातारपणी सांगितलेल्या आठवणींतही त्याला ते पदार्थ एकेक करून आठवत होते. सूप, कोशिंबीर, तळलेली कोंबडी, हरणाचे मांस, बटाटे, गरम पाव, सफरचंदाची गोड पोळी, चीज, कॉफी. आणि हे सारे कोठे, तर जेथे रस्ता नाही, दुकान नाही, वस्ती नाही, अशा ठिकाणी. आणि पांढऱ्या शुभ्र कापडाने झाकलेल्या मेजावर!

हे त्याला कसे साधले, याचा माझ्या कन्येने फार बारकाईने विचार केला. कारण तिचा स्वतःचा डबा भरत नव्हता. टाय सिंगची चूल पत्र्याची, घडी घालता येणारी. खेचरावर सपाट होऊन बसे. ताजे मांस तो ओल्या वर्तमानपत्रांत गुंडाळून ठेवी. पाणी वाळता वाळता गारवा देते. आपल्याकडे माठाला ओले फडके गुंडाळतात, तीच युक्ती. पावाची तऱ्हा तर ऐकण्यासारखी आहे. पहाटे उठून तो आंबवणाचे पीठ मळी, आणि ते खेचराच्या अंगाला लागून राहील असे बांधून टाकी. दिवसभर खेचर चढावर चाले आणि त्याच्या अंगच्या उबेने पीठ फुगत जाई. संध्याकाळी मुक्काम पडला की पीठ तयार; चूल मांडली की घटकाभरात गरम पाव. इडलीचे पीठ थंडीत फुगत नाही म्हणून आपल्या बायका भांडे धान्याच्या कोठीत पुरून ठेवतात. पण चालत्या जनावराची ऊब कामाला लावणे ही बुद्धी निराळीच! ज्या बोरॅक्सवाल्याने खेचरांच्या नावावर पैसा केला, त्याच्या सफरीत खेचराने पावसुद्धा भाजायला मदत केली, याची मला फार गंमत वाटली.

मंडळी व्हायसेलिया या सपाटीवरच्या गावी जमली आणि जुलैच्या मध्याला सिक्वोयाच्या जायंट फॉरेस्टमध्ये, म्हणजे महावृक्षांच्या रानात, चढून गेली. तेथे जनरल शर्मन नावाचा वृक्ष आहे. उंची दोनशे पंचाहत्तर फूट, बुंध्याशी जाडी छत्तीस फूट, वय सुमारे दोन हजार वर्षे. घनफळात जगातला सर्वांत मोठा वृक्ष तो हाच. आपल्याकडे सातवाहन राज्य करीत होते तेव्हाचे हे रोप. पहिल्या मुक्कामी मॅथरने शेकोटीभोवती आपला हेतू उघड केला: जे पाहाल ते घरी जाऊन लोकांना सांगा आणि उद्यानांना खाते मिळवून द्या.

ज्या वाटेने ही मंडळी वर गेली, तिचाही इतिहास आहे, आणि तो सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. हा रस्ता करायला घेतला तो 1886 साली कवीया नावाच्या वसाहतीतल्या लोकांनी. ही समाजवादी स्वप्नाळू मंडळी. सर्वांनी मिळून राबायचे, पैशाऐवजी कामाच्या तासांची हुंडी चालवायची, अशी त्यांची रीत. रानातले लाकूड कापून विकायचे म्हणून त्यांनी हाताने कडे फोडून अठरा मैलांचा रस्ता केला. शर्मन वृक्षाला त्यांनी कार्ल मार्क्सचे नाव दिले होते असे सांगतात. 1890 मध्ये उद्यान झाले, त्यांचा जमिनीवरचा हक्क गेला, भरपाई मिळाली नाही, वसाहत मोडली. राहिलेला रस्ता पुरा झाला 1903 च्या उन्हाळ्यात. तो पुरा करणारा अधिकारी कॅप्टन चार्ल्स यंग हा केंटकीत गुलामगिरीत जन्मलेला काळा माणूस. वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयातून पदवी घेऊन निघालेला तिसरा काळा अधिकारी. त्याच्या हाताखाली नवव्या घोडदळातले काळे शिपाई. त्या वर्षी सिक्वोयाचा कारभार त्याच्याकडे होता. गावकऱ्यांनी खूश होऊन एका महावृक्षाला त्याचे नाव द्यायचे ठरवले, तेव्हा आपले नको, बुकर टी. वॉशिंग्टनचे द्या, असे त्याने सुचवले. यंगच्या नावाचा वृक्ष झाला तो 2004 साली. जाऊ द्या, पुष्कळ नावांना उशीर होतो.

जायंट फॉरेस्टपासून पुढे खेचरांचा तांडा. रानातून, घाट ओलांडून, केर्न नदीच्या खोल दरीत उतरून, पलीकडे व्हिटनी शिखराच्या पायथ्याशी आणि मग सिएराच्या पूर्वेला लोन पाइन गावी, असा जवळजवळ पंधरवड्याचा प्रवास. त्या टापूत आजही पर्वत ओलांडणारा गाडीरस्ता नाही. काही जण व्हिटनीच्या माथ्यावर जाऊन आले. वाटेत टाय सिंगवर दोन संकटे आली. चांगले चांगले जिन्नस लादलेले एक खेचर वाट सोडून नाहीसे झाले. दुसरे एक वाटेवरून घसरून खाली कोसळले. जेवण मात्र वेळेवर आले. उरलेल्या सामानातून त्याने जे केले, त्यालाही मंडळी मिटक्या मारीत राहिली. ज्याने पाहुण्यांच्या पंगतीत वरण कमी पडल्यावर आतल्या खोलीत काय धांदल उडते हे पाहिले आहे, त्याला या माणसाची योग्यता कळेल.

सफर संपत आली तेव्हा त्याने आणखी एक केले. पातळ बिस्किटांच्या घड्यांत त्याने प्रत्येक पाहुण्यासाठी एकेक चिठ्ठी घालून ठेवली. चिठ्ठीवर त्याच्या हातची इंग्रजी शाई, आणि मजकूर त्या त्या माणसासाठी निराळा, डोंगरांविषयीचा. म्हणजे पंधरा दिवस तो चुलीपाशी बसून नुसता पाव भाजत नव्हता. कोण काय बोलतो, कोणाला काय आवडते, हे ऐकत होता.

निष्पत्ती थोडक्यात सांगतो. ग्रोव्हनरने 1916 च्या एप्रिलचा जवळजवळ सारा अंक अमेरिकेच्या निसर्गावर काढला आणि तो काँग्रेसच्या सभासदांना वाटला. राष्ट्राध्यक्ष विल्सनने 25 ऑगस्ट 1916 रोजी राष्ट्रीय उद्यान खात्याच्या कायद्यावर सही केली. मॅथर त्याचा पहिला संचालक झाला. जायंट फॉरेस्टमधली बरीच जमीन खाजगी मालकीची होती. ती विकत घ्यायला काँग्रेसने पन्नास हजार डॉलर दिले, मालक सत्तर हजार मागत होते; वरचे वीस हजार ग्रोव्हनरच्या संस्थेने घातले. त्या पंगतीत बसलेल्या संपादकाला ते झाड आपले वाटू लागले होते, एवढाच त्याचा अर्थ.

आता मला जे टोचते ते सांगतो. टाय सिंग ज्या देशात स्वयंपाक करीत होता, त्या देशाने 1882 साली कायदा करून चिनी मजुरांना दार बंद केले होते, आणि परदेशी जन्मलेल्या चिन्याला नागरिकत्व मिळणार नाही असेही ठरवले होते. 1892 पासून चिनी मजुराने राहण्याचा दाखला जवळ बाळगला पाहिजे असा नियम झाला. दाखला नसला तर धरून बाहेर. हे कायदे 1943 पर्यंत पुस्तकात राहिले. काँग्रेसचा एक सभासद त्या पांढऱ्या कापडावर जेवत होता. तेथे हा विषय कोणी काढला असेल असे मला वाटत नाही. आणि काढायला हवा होता असे म्हणणे आज सोपे आहे. पण गोष्ट एकट्या टाय सिंगची नाही. त्याच 1915 साली मॅथरने खटपट करून, पदरचे पैसे घालून आणि मित्रांकडून जमवून, योसेमिटीचा टायोगा रस्ता विकत घेतला आणि सरकारला दिला. सिएराची सफर संपवून मंडळीतले काही जण त्याच रस्त्याच्या सोहळ्याला गेले. तो रस्ता 1883 साली खाणीसाठी केलेला, आणि तो करणाऱ्यांत मोठा भरणा चिनी मजुरांचा होता. छप्पन मैलांचा पहाडी रस्ता त्यांनी एकशेतीस दिवसांत केला. म्हणजे दार बंद केल्याला दोन वर्षे लोटली नाहीत, तोच घरातल्या चिन्यांनी घराला रस्ता करून दिला.

टाय सिंग 1918 साली मोजणीच्या कामावर असतानाच अपघातात गेला. मॅथर 1930 साली गेला. त्याच्या नावाच्या ब्राँझच्या पाट्या अनेक उद्यानांत बसवल्या आहेत. टाय सिंगच्या वाट्याला शिखर आले. दोहोंत मोठे काय, हे वाचकांनीच ठरवावे. मधली कित्येक वर्षे ते शिखर कोणाच्या नावाचे, हे पाहणारांना ठाऊक नव्हते. 2013 पासून मात्र चिनी वंशाची आणि इतरही मंडळी दर वर्षी त्या शिखराकडे यात्रा काढतात. आणि योसेमिटीतल्या वावोना येथे चिनी कामकऱ्यांनी चालवलेल्या जुन्या धोबीघरात 2021 साली त्यांच्या इतिहासाचे प्रदर्शन उघडले आहे. त्याच वर्षी सिक्वोयात मोठा वणवा लागला होता आणि शर्मन वृक्षाचा बुंधा चकचकीत पत्र्यासारख्या कापडाने गुंडाळून वाचवावा लागला. 2020 आणि 2021 च्या वणव्यांत हजारो महावृक्ष जळाले. तेव्हा जायचे ते आताच, असे जावयांनी म्हटले आणि सिक्वोयाचा परवाना काढला.

मी हे सारे रात्री जेवणानंतर सांगत असे. एकदा मुलगी सहज म्हणाली, "बाबा, तुम्ही हरिश्चंद्रगडाला जायचात तेव्हा स्वयंपाक कोण करायचं?"

"आम्हीच," मी म्हणालो. आणि मग आठवले, की ते खरे नाही.

पुण्याला परत आल्यावर मी माळ्यावरची पेटी काढली. आमच्या प्रत्येक सफरीचा हिशेब मी वहीत ठेवीत असे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला कागद जपण्याची खोड असतेच. 1974 च्या डिसेंबरातल्या पानावर सहाही जणांची पूर्ण नावे आहेत. यष्टीचे भाडे आहे. तांदूळ, तूरडाळ, गूळ, चहापत्ती, रॉकेल यांची वजने आणि किमती आहेत. तोलार खिंडीतल्या वाघाच्या दगडाचे रेखाचित्र आहे, मंदिराच्या शिलालेखाच्या दोन ओळी उतरवून घेतल्या आहेत, कोकणकड्यावर किती वाजता पोचलो तेही आहे. आणि शेवटी एक ओळ: 'वाटाड्या, 5 रु.'

मला तो माणूस स्वच्छ आठवतो. खिरेश्वरातून तो आमच्याबरोबर आला. आमची पातेली त्याने डोक्यावर घेतली आणि खिंडीपलीकडच्या कातळावर आम्ही चार हातापायांनी चढत होतो, तेव्हा तो सरळ उभा चालत गेला. गुहेपाशी त्याने तीन दगड मांडले, ओल्या काटक्या पेटवल्या, पिठले ढवळले, भाकरी थापल्या. थंडी मी म्हणत होती. भाकरी थापताना त्याने गडाच्या पुष्करणीची काही हकीकत सांगितली. ती मला इतकी चांगली वाटली, की मी ती वहीत लिहून घेतली आणि पुढे एका लेखात वापरलीही. लेखात लिहिले होते: 'स्थानिक लोक सांगतात.' मार्शलने आपल्या आचाऱ्याला शिखर दिले. मी माझ्याला अनेकवचन दिले.

या मार्गशीर्षात मी खिरेश्वरला जाऊन आलो. आता तेथवर मोटार जाते. पर्यटकांसाठी घरगुती जेवणाच्या पाट्या लागल्या आहेत आणि पाट्यांवर नावे आणि फोनचे आकडेही आहेत, हे पाहून बरे वाटले. नागेश्वराच्या देवळाजवळ एका ओसरीवर ऐंशीच्या घरातले एक म्हातारबाबा ऊन खात बसले होते. मी शेजारी बसलो, वही उघडली, साल सांगितले, महिना सांगितला, माणूस कसा होता ते सांगितले: सडपातळ, मिशीवाला, डाव्या भुवईवर व्रण.

"वरती पोरांसंगं जाणारे तवा तिघं-चौघं व्हते," बाबा म्हणाले. "आता कोनी ऱ्हायलं न्हाई. मिशा समद्यांनाच व्हत्या." मग थोडा विचार करून, "तुमच्यासंगं दोन दिस व्हता, तवा तुमी त्याला हाक काय मारीत व्हता, मास्तर?"

मला काही आठवेना. आम्ही बहुधा 'अहो' म्हणत असू. किंवा 'अरे'.

सुनेने चहा आणला. बाबांनी बशीत ओतून घेतला, फुंकला आणि विचारले, "किती दिलं व्हतं त्याला?"

"पाच रुपये. दोन दिवसांचे."

"आन जेवान?"

"जेवण आमच्याबरोबरच."

"बरं दिलं व्हतं," बाबा म्हणाले, आणि बशी तोंडाला लावली.